एक लाल मत

सगळ्यात आधी शुभांगीचं नाव. शुभांगी माझी बायको. हा लेख मी वहीत लिहिला, तिनं तो कॉम्प्युटरवर टाइप केला, ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं आणि दोन ठिकाणी ‘हे काढ, लोक काय म्हणतील’ असं म्हणाली. ती दोन्ही ठिकाणं मी ठेवली आहेत. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. पुरवणीत असे लेख शिकलेली माणसं लिहितात, ते वाचूनच मी वाचायला शिकलो म्हटलं तरी चालेल. तिनं ‘लिही, चुका मी बघते’ म्हटलं नसतं तर वही उघडली नसती. ज्यांच्याबद्दल हा लेख आहे त्या मास्तरकाकांना दवाखान्यात शेवटचं भेटता आलं तेही तिच्यामुळे, कारण गाडी ती चालवते. उपकार आहेतच. पण पुढे तिच्याबद्दल जे येणार आहे त्याला सरळ मराठीत हेवा म्हणतात, हेही आधीच सांगून टाकतो.

सप्टेंबरात एका सकाळी मेधाताईचा फोन आला. मेधाताई म्हणजे मास्तरकाकांची मुलगी, इथे कॅरीला एका औषध कंपनीत काम करते. मी पोळ्या लाटत होतो. ती म्हणाली, “बाबा गेले पहाटे. तुला आधी सांगते आहे, मग इतरांना.” मी तवा बंद केला आणि पहिला विचार काय आला तो लिहितो, लाज वाटली तरी. मनात आलं, ते एक मत कुणाचं हे आता शुभांगीशिवाय कुणालाच माहीत नाही. काका गेल्याचं रडू त्यानंतर आलं.

आम्ही दोन हजार चार साली इकडे आलो. शुभांगी एमसीए, माझ्याच गल्लीतली. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझं टेलरिंगचं दुकान होतं आणि तिच्या शाळेचे ड्रेस मी शिवलेले. तिच्या घरच्यांना मी कसा पसंत पडलो ही वेगळी गोष्ट, ती पुन्हा कधी सांगायची माझी हिंमत नाही. तिला नोकरी लागली, पुण्याहून थेट अमेरिका. मी तिच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला, काम करायची परवानगी नाही. नॉर्थ कॅरोलिनातलं हे कॅरी म्हणजे पाइनची झाडं, रुंद रस्ते आणि गाड्या. चालायला फूटपाथही सगळीकडे नाही. सकाळी सगळे पार्ककडे ड्राइव्ह करून जातात. पार्क म्हणजे बाग नव्हे, कंपन्यांची वसाहत. मग दिवसभर कॉम्प्लेक्समध्ये मी, तळ्यातली बदकं आणि आजीआजोबा मंडळी. आठवडी पार्टीत कुणी विचारायचं, “तुम्ही कुठे असता?” म्हणजे कुठल्या कंपनीत. मी म्हणायचो, “घरी.” ते हसायचे, मीही हसायचो, आणि पुढच्या पार्टीचं नाव निघालं की मी डोकं दुखतंय म्हणायचो.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या तोंडाशी सगळ्या घरांच्या टपालपेट्या एका छपराखाली आहेत, तिथे एक बाक आहे. टपालाची गाडी एकच्या सुमाराला येते. मला कुणाचं पत्र यायचं नसायचं, तरी मी जायचो. दोन हजार पाचच्या वसंतात, सगळ्या गाड्यांवर पिवळा पराग हळदीसारखा बसलेला असताना, त्या बाकावर एक उंच म्हातारा दिसला. एवढ्या उन्हात अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड कोट. कोटाची बाही उसवलेली. माझी नजर तिथेच गेली, धंद्याची सवय. मी मराठीतच म्हणालो, “काका, बाही मारून देऊ का?” ते जरा दचकले, मग म्हणाले, “कोट उणे चाळीसचा आहे, जपून. तू टेलर का?” मी हो म्हणालो. “म्हणजे मास्तर. मीही मास्तर. बस, टेलरमास्तर.”

त्यांनी सदतीस-अडतीस वर्षं कॅनडात, गव्हाच्या सपाट मुलखातल्या एका खेड्यात गणित शिकवलं होतं. साठच्या दशकात तिकडे मास्तर मिळत नव्हते, म्हणून जाहिरात वाचून साताऱ्याकडचा हा माणूस बायकोला घेऊन गेला. बायको मालूकाकू. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. एकट्यानं बर्फ उपसणं होईना, म्हणून मेधाताईनं काकांना इकडे आणलं. तळ्यातली ती राखी-काळी बदकं कॅनडाचीच असतात म्हणे. काका त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “ही आमच्याकडची. व्हिसा बघितला नाही कुणी.” मी हसायचो, पण आतून म्हणायचो, बदकांचंसुद्धा ‘आमच्याकडचं’ आहे.

त्यांच्याकडे एक वही होती. शाळेतली, पिवळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात त्यांच्या गावातल्या प्रत्येक निवडणुकीची मतं, ते गेले तेव्हापासूनची. तिकडे पेन्सिलीनं गोलात फुली मारायची, कागदाला घडी घालायची, आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलावर गावाची मतं मोजायची. एकेक कागद उघडून सगळ्यांना दाखवायचा. गावात पाऊणशेच्या आसपास मतं. मतदारसंघ मात्र आपले दोन जिल्हे मावतील एवढा, चार गावांची नावं जोडून केलेलं त्याचं नाव मला साडेतीन वर्षांत एकदाही धड म्हणता आलं नाही. पक्षांची नावंही लक्षात राहत नव्हती, म्हणून काका माझ्यासाठी रंग सांगायचे. निळे, केशरी, लाल. (लाल म्हणजे आपल्याकडचे लाल बावट्याचे नव्हेत. तिकडचे लाल मधल्या वाटेचे, पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत चालणारे.) “आम्ही गेलो तेव्हा,” काका सांगायचे, “म्हातारे लोक दुष्काळाच्या आठवणी काढून केशरीला मत द्यायचे. सहकारी सोसायट्या त्यांनीच उभ्या केलेल्या. मग त्यांची मुलं निळी झाली. मग रेल्वेचा फाटा बंद झाला, रूळ काढून नेले, धान्याची ती उंच लाकडी कोठारं पाडली, आणि माणसं आणखी निळी झाली. एकदा तर जुने निळे पुरेसे निळे नाहीत म्हणून नवे निळे निवडून दिले. सरकार पूर्वेचं, हे पश्चिमेचे. जे सरकारात असतील त्यांच्या विरोधात बोट.” मी विचारलं, उमेदवार येतात का गावात? ते म्हणाले, “जिंकणारा येत नाही, गरज नसते. हरणारा येत नाही, उपयोग नसतो.”

आणि मग त्यांनी वहीतला एक उभा रकाना दाखवला. लाल पेन्सिलीनं आखलेला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यात एकच आकडा. एक. एक. एक. एक. पाऊणशे मतांच्या गावात दर निवडणुकीला लालला एकच मत, ना दोन, ना शून्य.

“तुमचं?” मी विचारलं.

“सगळं गाव हेच म्हणायचं.”

त्याचं असं झालं होतं. लाल सरकारनं तिकडे मैलांचे किलोमीटर केले, एकरांचे हेक्टर केले. शेतकरी चिडले. आणि गावातल्या पोरांना हे किलोमीटर शिकवायला कोण, तर आमचे काका. परदेशातून आलेला माणूस, त्यात किलोमीटर शिकवणारा... गावानं ठरवून टाकलं. शेजारी पीटर नावाचा शेतकरी, गावातला सगळ्यात मोठा निळा, शेताच्या कोपऱ्यावर दारापेक्षा उंच निळी पाटी लावणारा. तो मतमोजणीला निळ्यांतर्फे बसायचा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले पुरुष, बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळतात त्या हॉलमध्ये कॉफीला जमायचे. तिथे पीटरनं पहिल्याच खेपेला जाहीर केलं की ज्याचं लाल मत असेल त्यानं आज सगळ्यांना कॉफी पाजावी. सगळे काकांकडे बघायला लागले. काका उठले आणि त्यांनी कॉफी पाजली. तेव्हापासून ती रीतच पडली. दर निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी काकांची कॉफी.

“पण मत तुमचं होतं का नव्हतं?” मी.

“मी पेन्सिलीनं फुली मारली आणि घडी घातली,” काका म्हणाले. “टेलरमास्तर, त्याआधी मी त्या गावात ‘तो इंडियन’ होतो. कॉफी पाजल्यावर ‘आमचा लाल’ झालो. फरक कळतो का तुला?”

मला कळत होता. इतका कळत होता की घरी येऊन मी त्या संध्याकाळी शुभांगीशी नीट बोललो नाही. मी तिला फक्त एवढंच म्हणालो की या माणसाच्या एका मतावर आख्खं गाव चाळीस वर्षं बोललं, आणि आमच्या गावात काय? आम्ही इकडे आल्यावर काही महिन्यांतच तिकडे निवडणूक झाली होती. धाकट्या भावाचा फोन आला, “दादा, काळजी करू नको, तुझं मत पडलं.” मी म्हटलं, “कसं पडलं? मी इथे आहे.” तो म्हणाला, “पडलं ना. पोरांनी टाकलं. वहिनींचंही टाकलं.” कुणाला टाकलं ते त्यालाही माहीत नव्हतं. शुभांगी हसत हसत म्हणाली, “बघ, आपल्याला सुट्टीसुद्धा टाकावी लागली नाही.” ही गोष्ट मी काकांना विनोद म्हणून सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, “म्हणजे तू गेलास हे अजून त्यांना कळलेलंच नाही.” माझ्या गावाबद्दल इतकं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकं लागलंही नव्हतं.

तेव्हापासून रोज एक वाजता बाकावर आमची बैठक. मी थर्मासमधून चहा न्यायचो, ते मेधाताईनं आणलेली बिस्किटं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं यायची, नाताळात कार्डांचा गठ्ठा. कुणी ट्रक चालवतो, कुणी नर्स आहे. काका मला एकेक वाचून दाखवायचे. याचे भागाकार कच्चे होते, हिचं अक्षर बघ, अजून तस्संच. मी मान डोलवायचो आणि मनात त्या न पाहिलेल्या पोरांशी भांडायचो. एकदा त्यांनी विचारलं, “तू किती शिकलास?” मी चटकन म्हणालो, “बारावी.” ते पुढचं कार्ड उघडायला लागले. पुढे त्यांचा हात फार कापायला लागला, पेन्सिल धरवेना, तेव्हा वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “आता आकडे तू घाल. नववीपर्यंतचे आकडे पुरतात याला.” कधी कळलं, कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. शुभांगीनं सांगितलं असणार. ती म्हणते नाही.

एक किस्सा ते पुन्हा पुन्हा सांगायचे, आणि दर वेळी मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचो. एका निवडणुकीला लालचा उमेदवार खरंच गावात आला. शहरातला तरुण वकील, पातळ बूट घातलेला. म्हणाला, इथे आमचं एक मत आहे, त्याचे आभार मानायला आलोय. आख्खं गाव हॉलमध्ये जमलं. त्याचं ऐकायला नाही, त्याच्याशी आधी हात कोण मिळवतं ते बघायला. कुणी उठेना. तो बिचारा उभा. शेवटी मालूकाकू उठल्या, कॉफीचा कप आणि ॲपल-पायचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, “खाऊन घ्या, बाहेर थंडी आहे.” तो निघायच्या आत गावात कुजबूज, मत बाईचं आहे. परत निघताना त्याची गाडी बर्फात रुतली. ट्रॅक्टर घेऊन ती काढायला कोण आलं? पीटर. तासभर खपला, शिव्या देत. कुजबूज पुन्हा फिरली.

आता मालूकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशी येतं. काकू मतमोजणीच्या टेबलावर कारकून म्हणून बसायच्या. शपथ घ्यावी लागायची, बघितलेलं बाहेर सांगायचं नाही. तीसेक वर्षं त्यांनी दर वेळी तो एक लाल कागद डोळ्यांनी बघितला. आणि काकांचं म्हणणं, मालूला फुलीवरून कळायचं. गावातल्या सगळ्यांच्या सह्या, चिठ्ठ्या, केकच्या पाककृती तिच्या डोळ्यांखालून गेलेल्या. कोण फुलीची पहिली रेघ उजवीकडून ओढतं, कोण दाबून लिहितं, तिला माहीत. “तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. घरी आली, कोट काढला आणि गालात हसली. मी विचारलं, कुणाचं? तर म्हणते, भात गरम करू का?”

“आणि मग सांगितलं का नाही कधी?”

काकांनी बदकांना बिस्किटाचा चुरा टाकला.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात तिकडे निवडणूक झाली. काका तिथून निघाल्यानंतरची पहिलीच. पोस्टानं मत देता आलं असतं, पण ते गावाच्या टेबलावर मोजत नाहीत, वेगळ्या ढिगात जातं, म्हणून त्यांनी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. पीटरचा फोन येणार होता. फोन स्पीकरवर टाकला. पीटरचा आवाज म्हणजे गोठ्यातून बोलल्यासारखा, इंग्रजी मला निम्मं कळलं, बाकीचं काकांच्या चेहऱ्यावरून.

“हॅलो, मास्तर. मोजणी झाली.”

“हं.”

“लाल एक.”

मग पीटर म्हणाला, “म्हणजे तू नव्हतास.”

“मी होतो असं कधी म्हणालो?”

“नव्हतो असंही म्हणाला नाहीस.”

“तू विचारलं नाहीस, पीटर. तू सांगितलंस.”

पलीकडे खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज. “सगळी वर्षं तू आम्हाला कॉफी पाजलीस.”

“थंडी असायची,” काका म्हणाले. “आज कुणी पाजली?”

“कुणीच नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसलो. मग आपापली प्यायली.”

फोन ठेवल्यावर काका इतके हसले की मेधाताई आतून धावत आली. डोळे पुसत ते मला म्हणाले, “घाल आकडा.” मी वहीत लाल रकान्यात एक घातला. माझं अक्षर. त्या गावात मी कधी जाणार नाही, ते नकाशात कुठे आहे हेही मला नीट सांगता येत नाही, पण त्यांच्या मतांच्या वहीत माझा एक आहे. माझ्या गावच्या यादीतल्या माझ्या मतापेक्षा तो जास्त माझा आहे.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास. ते मत कुणाचं? काकांना माहीत आहे हे त्यांच्या हसण्यावरून उघड होतं, म्हणजे काकूंनी कधीतरी सांगितलं होतं. मी सरळ विचारलं नाही. मला वाटायचं, विचारून मिळालं तर ते बाजारातून आणल्यासारखं. त्यांनी आपण होऊन सांगावं, रोजचा चहा, बाही, आकडे, एवढी आपली ओळख... मी वाट बघत बसलो. साडेतीन वर्षं. मी मनात एक-दोन नावंही ठरवून ठेवली होती आणि त्यांनी सांगितलं की ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणायची तयारी केली होती.

या ऑगस्टच्या शेवटी काकांना दवाखान्यात ठेवलं. मेधाताई आणि मी आळीपाळीनं बसायचो. एका दुपारी त्यांना तांदळाची पेज खावीशी वाटली. दवाखान्यात कुठली मिळणार? मेधाताईनं मला गाडीत घातलं आणि आम्ही घरी पेज करायला आलो. शुभांगीनं अर्धा दिवस सुट्टी घेतली होती, ती त्यांच्यापाशी बसली. तोवर शुभांगी काकांना किती वेळा भेटली असेल? दहा, फार तर बारा. दिवाळीचा फराळ, एखादा शनिवार. आम्ही परत आलो तेव्हा काका झोपले होते आणि शुभांगी खिडकीशी उभी होती. पेज त्यांनी उठल्यावर चार चमचे घेतली. म्हणाले, “मीठ बरोबर आहे.” माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

संध्याकाळी परत येताना सिग्नलला गाडी थांबली आणि शुभांगी पुढे बघतच म्हणाली, “काकांनी मला सांगितलं.”

“काय?”

“कुणाचं मत ते.”

मी म्हणालो, “मग?”

“मग काय. सांगू नकोस म्हणाले.”

“कुणालाच?”

सिग्नल हिरवा झाला. तिनं गाडी काढली. “तुला तर मुळीच नको म्हणाले, रमेश.”

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. डब्यात भाजी अळणी गेली, ती मुद्दाम नव्हती, पण मी परत मीठ घालायलाही गेलो नाही. मी रोज एक वाजता बाकावर बसणारा, उन्हात, थंडीत, परागात. आणि सांगायचं कुणाला, तर जी ऑफिसातून बॅज गळ्यात अडकवून आली आणि तासभर बसली तिला. शिकलेली आहे म्हणून? इंग्रजी येतं म्हणून? की मी पोटात ठेवू शकत नाही असं वाटलं? मी तिला हेच विचारलं, जरा चढ्या आवाजात. ती आधी म्हणाली, तुला राग आलाय, नंतर बोलू. मग म्हणाली, “मी विचारलंसुद्धा नव्हतं, यार. मी फक्त म्हटलं, काका, पाणी देऊ का? तर म्हणाले, इकडे ये, तुला एक ठेवायला द्यायचंय.”

“आणि मी?”

“तेच तर. ते म्हणाले, मालूला माहीत होतं आणि मला नव्हतं, म्हणून आमच्या घरात तेवढी वर्षं विषय संपला नाही. जेवताना, बर्फ काढताना, पोरीच्या लग्नात, मी एकेक नाव घ्यायचो आणि ती भात गरम करायची. शेवटी दवाखान्यात तिनं सांगितलं, आणि मला वाटलं, हिनं हे सांगायला नको होतं. आता ही जाणार.” शुभांगीनं माझ्याकडे बघितलं. “म्हणाले, टेलरमास्तरला विचारत राहू दे. तू भात गरम करत जा.”

मला हे पटलं असं मी लिहिणार नाही. मला अजून पटलेलं नाही. काकांनी मला दिलं काय, तर न कळणं. आणि तिला दिलं ते कळणं. दोन्ही वाटे सारखे कसे होतील? तरीही एक कबूल करतो, काका गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरात दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा मी पोळी वाढता वाढता म्हणालो, “पीटर?” शुभांगी म्हणाली, “आमटी गार झाली का?” आणि आम्ही दोघंही बऱ्याच दिवसांनी जेवलो.

मेधाताईनं ती पिवळी वही मला दिली. म्हणाली, बाबांनी सांगितलं होतं, उरलेली पानं त्याची. गेल्या महिन्यात तिकडे पुन्हा निवडणूक झाली. इथे त्या वेळी सगळीकडे यांच्याच निवडणुकीचं वारं होतं, हिरवळींवर पाट्या, शुभांगीच्या ऑफिसात वाद. ना तिला मत, ना मला. निकालाच्या दुसऱ्या सकाळी मी वही घेऊन मेधाताईकडे गेलो. पीटर फोन करेल असं वाटत नव्हतं. काका गेल्याचं त्याला कळवलं तेव्हा तो म्हणे नुसताच श्वास घेत राहिला होता. पण फोन आला. मेधाताईनं स्पीकरवर टाकला.

पीटर म्हणाला, “मास्तरचा टेलर आहे का तिथे?” मी हो म्हणालो. “वही आहे?” मी म्हटलं, आहे. त्यानं निळ्यांचा आकडा सांगितला, केशरीचा सांगितला. मी लिहिले. मी पेन्सिल लाल रकान्यावर नेली.

“लाल दोन,” तो म्हणाला.

मला वाटलं, मला नीट कळलं नाही. मी मेधाताईकडे बघितलं. तिनं दोन बोटं वर केली. ती रडत होती.

“कोण दुसरा?” मेधाताईनं विचारलं.

“मला काय माहीत. मतं गुप्त असतात,” पीटर गुरगुरला. “गावात कुणाचं तरी डोकं फिरलंय. मास्तर गेल्यापासून सगळेच विचित्र वागतायत.”

“आणि कॉफी?” मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. “कॉफी कुणी पाजली?”

वाटलं लाइन कट झाली. मग तो म्हणाला, “मी,” आणि फोन ठेवला.

मी लाल रकान्यात दोन घातले. त्या रकान्यातला पहिला दोन. आणि खरं सांगू? दुःखाच्या आधी पुन्हा तेच. हेवा. एक माणूस मेला आणि दोन हजार मैलांवर, पाऊणशे मतांच्या गावात, कुणीतरी पेन्सिल उचलून आयुष्यात पहिल्यांदा वेगळ्या गोलात फुली मारली. माझ्या गावी माझं मत मी नसतानाही पडतंय, मी मेल्यावरही पडत राहील.

घरी आल्यावर शुभांगीला सगळं सांगितलं. कॉफीचंही. मी म्हणालो, “म्हणजे पीटरच ना? पहिलं त्याचं, का दुसरं?” मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, शिलाई उसवताना दोरा बघतात तसा. ती उठली, बेसिनकडे तोंड केलं आणि कप विसळायला लागली. कप स्वच्छ होता.

एक वाजता मी अजून बाकावर जातो. शेजारी जागा सोडून बसतो. त्यांचा उणे चाळीसचा कोट मेधाताईनं मलाच दिला, मी बाह्या दोन इंच आखूड केल्या आणि थंडी पडायला लागल्यापासून तोच घालतो. आतल्या खिशात वही मावते. ग्रीन कार्डाचे कागद शुभांगीच्या कंपनीनं टाकलेत. त्याला किती वर्षं, नंतर नागरिक व्हायला किती, तिथे परीक्षा असते आणि मला परीक्षेचं नाव काढलं की घाम फुटतो. ती म्हणते, मी घेईन तुझ्याकडून करून. घेईल. इथवर तिनंच आणलंय, बोट धरून. तिचं हे ऋण आहे आणि मी ते फेडणार आहे. ज्या दिवशी इथे मला पहिलं मत मिळेल, त्या दिवशी मी आत जाईन, खूण करीन, बाहेर येईन. गाडीत ती विचारेल, कुणाला दिलंस? त्या एका संध्याकाळसाठी मी आत्तापासून तयारी करतोय. मी पुढे बघत म्हणेन, “घरी चल, भात गरम करतो.”